‘देश आधी’ म्हणजे कुणाची जमीन आधी?

(शिराळा तालुक्यातल्या वनहक्क बैठकीत सप्टेंबर 2008 मध्ये केलेलं भाषण)



बैठक दावे भरायची आहे आणि आम्ही अमेरिकेचं बोलणार आहोत. हसू नका. दाव्यापाशीच येणार आहोत, थोडं लांबून येऊ.

गेल्या महिनाभरात आम्ही पोरापोरींनी टीव्हीवर तिकडच्या दोन पक्षांची अधिवेशनं बघितली. तिकडं रात्रीचं भाषण, आपल्याकडं सकाळ. जनावरांचं उरकायचं आणि बसायचं. इंग्रजी आमचं बारावीपुरतं. निम्मं कळायचं, निम्मं दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचो. दर चार वर्षांनी निवडणुकीआधी तिकडं प्रत्येक पक्ष असा मेळा भरवतो आणि आपला उमेदवार उभा करतो. ओबामा 28 ऑगस्टला डेन्व्हर शहरात बोलले. फुटबॉलचं मैदान, ऐंशी हजाराच्या वर माणूस. मॅक्केन 4 सप्टेंबरला सेंट पॉलमध्ये बोलले. निवडणूक नोव्हेंबरच्या 4 तारखेला आहे, कोण येईल ते येईल.

आम्हाला नवल वाटलं ते झेंड्याचं. ज्याच्या त्याच्या हातात झेंडा. सेंट पॉलला तर लोकांच्या हातात पाट्या होत्या, ‘देश आधी’. भाषणात देशाचं नाव निघालं की माणसं उभी राहतात, डोळे पुसतात. आपल्याकडच्या सभेला टेम्पोनं माणसं आणतात, नेता तीन तास उशिरा येतो, आणि ‘भारतमाता की जय’ म्हणताना निम्म्यांचं ध्यान वडापावाकडं. तिकडचं सगळं खोटं होतं असं मात्र आम्ही म्हणणार नाही. मॅक्केन व्हिएतनामच्या तुरुंगात पाच वर्षांच्या वर कैदी होते. ते म्हणाले की दुसऱ्याच्या देशात कैदेत पडलो तेव्हा आपल्या देशावर माया जडली. हे आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगितलं, तर सगळ्यांना लगेच कळलं. पुनर्वसन वसाहतीत जी माणसं राहतात त्यांना विचारा, जुनं गाव किती गोड होतं ते कधी उमगलं.

पण त्याच मेळ्यात तेलाचा विषय निघाला आणि लोक तालावर ओरडायला लागले, ‘खोदा, खोदा!’ एका हातात देश आधीची पाटी, आणि तोंडात जमीन खोदा. आपल्या बाजूला सड्यांवर बॉक्साइट आहे, पाटणकडं वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. हा ताल आपल्या कानाला नवा नाही.

ओबामांनी आपल्या भाषणात आधीच सांगून टाकलं होतं की देशाला आधी ठेवणारे आम्ही सगळेच आहोत, देशप्रेम कुठल्या एका पक्षाचं नाही. बोलणं चांगलं होतं. तरी सगळा वाद देशावर प्रेम कुणाचं जास्त एवढ्यावरच चालला होता. ज्या जमिनीवर मैदान बांधलं ती कुणाची, हे आम्ही जेवढं ऐकलं त्यात कुणी काढलं नाही. म्हणून आम्हीच शोधलं.

डेन्व्हर जिथं आहे तो मुलूख शायेन आणि अरापाहो या तिकडच्या आदिवासींचा. 1851 साली सरकारनं करार करून तसं लिहून दिलं होतं. 1858 ला त्या भागात सोनं सापडलं. 1861 ला दुसरा करार आला आणि जमिनीचा लहानसा तुकडा हातात राहिला. ब्लॅक केटल नावाचा शायेनांचा म्होरक्या होता, भांडण नको म्हणणारा. त्याला सांगितलं होतं की अमेरिकेचा झेंडा लाव, मग तुम्हाला कोण हात लावणार नाही. त्यानं आपल्या पालावर झेंडा लावला, सोबत पांढरं फडकंही लावलं. 29 नोव्हेंबर 1864 च्या सकाळी सँड क्रीक नावाच्या ओढ्याकाठी त्या झेंड्याखालीच फौज आली. दीडशेच्या वर माणसं मारली, त्यात बाया, पोरं, म्हातारी जास्त. फौजेचा प्रमुख चिव्हिंग्टन हा आधी धर्मोपदेशक होता. फौज माघारी डेन्व्हरला गेली तेव्हा तिचं स्वागत झालं.

सेंट पॉलचंही तसंच. तो डाकोटा लोकांचा मुलूख. त्याच मिनेसोटा राज्यात 1862 च्या डिसेंबरात 38 डाकोटांना एकाच दिवशी फाशी दिलं. (सेंट पॉलच्या जोडीचं शहर मिनिआपोलिस. कासेगावच्या गेल ऑम्वेट तिथंच जन्मल्या. आपल्या जिल्ह्याच्या सूनबाई, 1983 पासून भारताच्या नागरिक. देश जन्मानं ठरतो का राहण्यानं, यावर भांडणाऱ्यांनी कासेगावला जाऊन यावं.)

आता आपला झेंडा. बिळाशी इथून जवळ. 1930 सालच्या जंगल सत्याग्रहात गावानं सरकारी जंगलातला साग तोडला आणि त्याचाच खांब करून देवळापाशी तिरंगा चढवला. तेव्हा त्याच्यावर चरखा होता. बायकांनी त्याची राखण केली. पोलीस आले, गोळीबार झाला, माणसं कामी आली. दर वर्षी त्याची भाषणं होतात आणि झेंड्याचंच सांगतात. सागाचं कोण सांगत नाही. अहो, लाकूड, चारा, गवत मिळायचं बंद झालं म्हणून तर गाव उठलं होतं! झेंडा आणि जंगल ही एकाच खांबाची गोष्ट होती.

आणि त्याच जंगलाची मागणी आज आपण केली तर? चांदोलीचं अभयारण्य 1985 ला झालं, 2004 ला राष्ट्रीय उद्यान झालं, 317 चौरस किलोमीटरचं. आत गावं होती. हक्क मागायला गेलं की एखादा साहेब म्हणतो, देशासाठी एवढं तरी करा. केलं की. गाव दिलं, देवराई दिली, आजाचं थडगं तिथंच ठेवून आलो. त्याचा हिशेब मागणं म्हणजे देशाच्या उलट जाणं नव्हे. ब्लॅक केटलच्या हातात कागदही होता आणि झेंडाही होता, आणि दोन्ही देणारं सरकार एकच होतं. म्हणून आपण नुसता झेंडा लावून बसायचं नाही. कागद आपण स्वतः भरायचा, ग्रामसभेत भरायचा, आणि त्याची नक्कल घरात ठेवायची.

कायदा 2006 चा, नियम याच वर्षी 1 जानेवारीला आले. तिसऱ्या कलमात लिहिलंय की 13 डिसेंबर 2005 च्या आधी ज्यांना बेकायदा उठवलं किंवा पुनर्वसन न देता हलवलं, त्यांनाही हक्क मागता येतो, पर्यायी जमिनीसुद्धा. आपल्यात आदिवासी थोडे आहेत. बाकीच्यांनी, धनगरवाड्यावरच्यांनीही, तीन पिढ्यांची म्हणजे 75 वर्षांची वहिवाट दाखवायची आहे. ते अवघड आहे, खोटं कशाला सांगू. पण पुरावा म्हणून नुसता सातबाराच लागतो असं नाही. जुनी विहीर, ताल, बांध, घराचं जोतं, देवस्थान, स्मशानभूमी, सगळं चालतं. दावा न करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तोही चालतो. एकापेक्षा जास्त पुरावे मात्र हवेत.

तेव्हा आज घरी गेलात की आजी-आजोबांना बसवा. कुठली विहीर कुणी खांदली, कुणाला कुठं पुरलं, देवाला कुठल्या वाटेनं जायचो, ते विचारून वहीत लिहा. ज्याला लिहिता येत नाही त्याच्याकडं आम्ही येऊ. पहिली फेरी उद्या वरच्या वाड्यापासून.