गाडीत असताना आलेला घरचा फोन



हिवाळ्यात आपलं घड्याळ भारताच्या साडेसहा तास पुढे असतं. इथे संध्याकाळचे साडेपाच, तेव्हा पुण्या-नाशकात सकाळचे अकरा. आईची पूजा आटोपलेली, बाबांचा पेपर वाचून झालेला. लेकीला फोन लावायची हीच निवांत वेळ. आणि नेमकी तेव्हाच लेक ऑफिसातून निघून अंधारात, पावसात, मोटरवेवर गाडी चालवत असते.

आईवडिलांचं वय झालेलं असलं की भारतातला फोन वाजताच काळजात धस्स होतं. म्हणून हात आपोआप फोनकडे जातो. आजचं बोलणं त्या हाताबद्दल.

न्यूझीलंडमध्ये गाडी चालवताना फोन हातात धरायला १ नोव्हेंबर २००९ पासून बंदी आहे. दंड आधी ८० डॉलर होता, एप्रिल २०२१ च्या अखेरीस तो १५० डॉलर झाला. शिवाय २० डिमेरिट पॉइंट्स. दोन वर्षांत असे १०० पॉइंट्स झाले की तीन महिने लायसन्स बंद. सिग्नलला थांबलात तरी नियम लागू असतो, हे लक्षात ठेवा.

पण दंड ही लहान गोष्ट. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. तीन सेकंद व्हॉट्सॲपकडे पाहिलंत, तर क्रिकेटच्या चार खेळपट्ट्यांएवढं अंतर तुम्ही रस्ता न बघता गेलात. आणि इथल्या कितीतरी हायवेंवर समोरून येणाऱ्या गाडीत आणि आपल्यात असते ती फक्त रंगवलेली रेघ.

"मी तर हँड्सफ्रीवर बोलतो," असं कोणी म्हणेल. कायद्याला ते चालतं. पण शेजारी बसलेल्या माणसाला रस्ता दिसतो, अवघड वळण आलं की तो गप्प होतो. पुण्यातल्या आईला वळण दिसत नाही. ती बोलत राहते, आणि आपलं मन तिकडे जातं.

तेव्हा या रविवारी घरी बोलताना एवढं ठरवून टाका. रोजच्या गप्पांची वेळ जेवणानंतरची. फोन उचलला नाही तर काळजी करायची नाही. खरंच तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा फोन करायचा, म्हणजे तुम्ही पुढच्या एक्झिटला उतरून, सुरक्षित जागी गाडी लावून बोलाल. आणि आपण कोणाला फोन केला, तर पहिला प्रश्न, "गाडीत आहेस का?" उत्तर हो आलं, तर फोन ठेवायचा.

मागच्या सीटवर बसलेली मुलं सगळं पाहत असतात. सोळाव्या वर्षी त्यांनाही लर्नर लायसन्स मिळू शकतं. गाडी कशी चालवायची, हे ती तोवर तुमच्याकडूनच शिकलेली असतील.

सांभाळून जा, मंडळी. नमस्कार!