लिलावात नाव राहिलं, पुढे काय?

आपल्या पालघरचा शार्दूल ठाकूर. बोईसरच्या शाळेकडून खेळताना तो प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला आणि पुढे भारताकडून कसोटी खेळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला आयपीएलचा लिलाव झाला, तेव्हा २ कोटींच्या मूळ किमतीलाही त्याला कुणी घेतलं नाही. असं का होतं, ते समजून घेऊ.

एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यात परदेशी फार तर ८. संघ १०, म्हणजे जागा २५० च. शिवाय त्या वर्षी प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा १२० कोटींची होती. जागा आणि पैसा संपला की चांगला खेळाडूही बाहेर राहतो.

पण लिलावात न विकलेल्या खेळाडूंची एक राखीव यादी असते. संघातलं कुणी जखमी होऊन हंगामाला मुकलं, तर त्या यादीतून बदली खेळाडू घेता येतो. त्याला मूळ किमतीपेक्षा कमी देता येत नाही आणि जखमी खेळाडूच्या मानधनापेक्षा जास्तही नाही. या यादीतला कुणी एखाद्या संघाकडे नेट बोलर, म्हणजे सरावात गोलंदाजी करणारा, असला, तरी दुसऱ्या संघानं बोलावल्यावर त्याला अडवता येत नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्येही साधारण असंच आहे. सराव शिबिरातले ९० खेळाडू हंगामाआधी ५३ वर आणतात. वगळलेल्यांपैकी काहींना पगार देऊन सराव संघात ठेवतात. तिथूनही दुसरा संघ त्यांना आपल्या मुख्य संघात घेऊ शकतो.

शार्दूल लिलावानंतर घरी बसला नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईकडून रणजी खेळताना त्यानं जम्मू-काश्मीरविरुद्ध शतक ठोकलं, मेघालयविरुद्ध हॅटट्रिक घेतली. मार्चमध्ये लखनौचा मोहसिन खान जखमी झाला आणि त्याच्या जागी शार्दूलला बोलावणं आलं. २७ मार्चला हैदराबादविरुद्ध ३४ धावांत ४ बळी घेऊन तो सामनावीर ठरला. २०२१ मध्ये उमरान मलिकही नेट बोलर असताना बदली खेळाडू झाला होता.

पालघर-बोईसरच्या मुलामुलींनो, निवड चाचणीच्या यादीत नाव नसेल, तर वाईट जरूर वाटेल. पण दुसऱ्या दिवशी मैदानावर जा, मिळेल तो सामना खेळा. बदली खेळाडू शोधणारे आधी हेच विचारतात: सध्या कोण खेळतोय?