सचोटी हीच संपत्ती



न्यायमूर्ती सरोश होमी कापडिया यांचा जन्म २९ सप्टेंबर १९४७ रोजी मुंबईतील एका सामान्य पारशी कुटुंबात झाला. चतुर्थ श्रेणी कर्मचारी म्हणून त्यांनी नोकरीस आरंभ केला. १९७४ मध्ये ते वकील झाले, १९९१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, आणि १२ मे २०१० रोजी भारताचे सरन्यायाधीश! कर-कायद्याचा त्यांचा व्यासंग सर्वमान्य होता.

त्याची कसोटी व्होडाफोन खटल्यात लागली. परदेशी कंपनीचे समभाग परदेशातच विकले गेले. त्यावर आयकर खात्याने सुमारे ११,००० कोटी रुपये मागितले. २० जानेवारी २०१२ रोजी कापडिया यांच्या खंडपीठाने ती मागणी अमान्य केली. शासनाने त्याच वर्षी पूर्वलक्षी दुरुस्ती करून कायदाच बदलला. मात्र तिच्या आधारे केलेल्या जुन्या मागण्या २०२१ च्या कायद्याने मागे घेतल्या गेल्या. ते पाहण्यास कापडिया नव्हते; ४ जानेवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले होते.

देणाऱ्याने कर चोख द्यावा; घेणाऱ्यानेही कायद्याची मर्यादा ओलांडू नये, हाच या प्रकरणाचा बोध. सचोटी हीच आपली एकमेव संपत्ती, असे ते सांगत. वहीखाते स्वच्छ ठेवणाऱ्या समाजास या संपत्तीचे मोल वेगळे सांगावयास नको.