वृक्षवलयांची साक्ष

गोदावरीच्या दक्षिणेस पसरलेल्या गेवराई तालुक्यांत वडीलधारीं माणसें आजही कित्येक गोष्टींचा काळ दुष्काळावरून सांगतात. कोणाचा जन्म बहात्तरच्या दुष्काळांतला, कोणाची विहीर त्याच वर्षीं खोदलेली. १९७२ सालचें अवर्षण पर्जन्यमापकांनीं नोंदून ठेविलें आहे. परंतु चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडल्याचें सांगतात त्या दुर्गादेवीच्या दुष्काळापर्यंत मागें जावयाचें, तर पर्जन्यमापक कोठून आणावा? कांहीं वृक्ष हें काम करूं शकतात. मात्र साक्षीपूर्वीं लांकडाची जी तयारी करावी लागते, तिच्यावरच साक्षीचें मोल अवलंबून असतें.

देवदार, सिल्व्हर फर इत्यादि सूचिपर्णी वृक्षांच्या खोडांत दर वर्षीं एक वलय वाढतें. त्यांतील सेल्युलोज हवेंतील कार्बन व मुळांनीं शोषिलेलें पाणी यांपासून बनतें. निसर्गांतील ऑक्सिजनच्या सुमारें पांचशें अणूंत एक अणु जड, म्हणजे १८ भाराचा, असतो. हवा कोरडी पडली म्हणजे पानांतून हलकें पाणी अधिक उडून जातें व मागें जड अणूंचें प्रमाण वाढतें. तेंच सेल्युलोजमध्यें उमटतें. अवर्षणांत पर्णरंध्रें मिटतात, तेव्हां कार्बनच्या १३ भाराच्या अणूंचेंही प्रमाण वाढतें.

वृक्ष न तोडतां पोकळ गिरमिटानें सालीपासून गाभ्यापर्यंत एक बारीक कांडी काढितात. केवळ वलयांची रुंदी मोजावयाची असेल, तर ती खोबणींत सरसानें चिकटवून कांचकागदानें घासतात. येथें दोन्ही गोष्टी वर्ज्य होत. सरसांत परका कार्बन असतो, आणि घासतांना एका वर्षाचा भुसा दुसऱ्या वर्षाच्या लांकडांत जाऊन बसतो. म्हणून पृष्ठभाग धारदार पात्यानें तासतात. मग अनेक वृक्षांच्या अरुंद व रुंद वलयांचा क्रम जुळवून प्रत्येकाचें वर्ष ठरवितात. हा मेळ चुकला, तर एका सालचा दुष्काळ दुसऱ्याच सालावर लादला जाईल.

पुढें सूक्ष्मदर्शकाखालीं एकेक वलय सुटें करून त्याचे बारीक तुकडे करितात. सूचिपर्णी वृक्षांत मोठी अडचण राळेची. ती वलयांच्या सीमा जुमानीत नाहीं. नंतरच्या वर्षांची राळ जुन्या लांकडांत झिरपते. टोल्युईन व मद्यार्क यांच्या मिश्रणानें आणि मग ऊन पाण्यानें ती काढावी लागते. राहिलें लिग्निन. त्यांतील जड-हलक्या अणूंचें प्रमाण सेल्युलोजहून निराळें. म्हणून असेटिक आम्ल घातलेल्या सोडियम क्लोराइटच्या द्रावणांत, सुमारें ७० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर, तपकिरी लांकूड पांढरें होईपर्यंत ठेवितात. अखेर १७ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणानें हेमिसेल्युलोज दूर करून, वारंवार धुऊन वाळविलें, म्हणजे शुद्ध सेल्युलोज हातीं येतें. त्याचा मिलिग्रॅमहूनही कमी अंश चांदीच्या वा कथलाच्या चिमुकल्या डबींत घालून यंत्रांत सोडितात.

अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेंतील रमेश, भट्टाचार्य व गोपालन यांनीं काश्मीरच्या वृक्षांवर असें संशोधन करून, त्यांच्या साक्षी परस्परांशीं जुळतात असें १९८५ सालीं दाखविलें. गेवराईच्या माळावर सूचिपर्णी वृक्ष नाहींत. पण सागासही वार्षिक वलयें असतात. १९८९ सालीं रमेश, भट्टाचार्य व पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पंत यांनीं ठाण्याच्या सागांतील जड हायड्रोजनवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

तथापि ठाणें सह्याद्रीच्या पश्चिमेस, आणि गेवराई पर्जन्यछायेंत. एका ठिकाणच्या वृक्षाचा जबाब दुसऱ्या ठिकाणीं जसाच्या तसा लावतां येत नाहीं. युरोपांत जुन्या इमारतींच्या तुळयांवरून वलयांची मालिका कित्येक शतकें मागें नेलेली आहे. मराठवाड्यांतील जुने वाडे पडतात, तेव्हां सागाच्या तुळया विकल्या जातात किंवा चुलींत जातात. एखादी तुळई कोणत्या रानांतून आली हें घरांत ठाऊक असेल, तर तिचा तुकडा तेल वा रंग न लावतां, नोंदीसह जपून ठेवावा. रसायनांनीं लांकूड शुद्ध करतां येतें. जळून गेलेला साक्षीदार मात्र पुन्हा उभा करतां येत नाहीं.