‘अपत्यहत्या’ : एका शब्दाचा विचार



पितृहत्या, मातृहत्या, बंधुहत्या हे शब्द मारणाऱ्याचें नातेंहि सांगतात. पितृहत्या करणारा त्याच पित्याचें मूल, हें शब्दांतच आलें. ‘बालहत्या’ या शब्दांत मात्र तें नातें नाहीं. घातक कोण, याविषयीं तो मौन धरतो. जन्मदात्यांनींच लेंकरूं मारिलें, असें सांगावयाचें तर ‘अपत्यहत्या’ हाच नेमका शब्द. इंग्रजींतील ‘फिलिसाइड’ हाहि असाच. लॅटिनमधील पुत्र-कन्यावाचक शब्दास वधार्थक धातु जोडून तो झाला.

‘अपत्य’ म्हणजे काय? निरुक्तकार यास्क दोन व्युत्पत्त्या देतो. पित्यापासून पुढें विस्तारतें तें अपत्य, ही एक. ज्याच्या योगें मनुष्याचें पतन होत नाहीं तें अपत्य, ही दुसरी. आधुनिक भाषाशास्त्र ‘अप’ या अव्ययास ‘त्य’ प्रत्यय लागला, एवढेंच मानतें. तथापि दुसऱ्या व्युत्पत्तींतील भाव ध्यानांत घेतला, म्हणजे ‘अपत्यहत्या’ याचा अर्थ आपला आधार आपणच तोडणें असा होतो.

परंतु दोष केवळ मातेचा काय? एकोणिसाव्या शतकांत पुनर्विवाहास मुकलेल्या विधवेवर गुप्तपणें प्रसूत होऊन मूल नाहींसें करण्याची पाळी येई. हात तिचा, पण तो हलविणारें भय लोकांचें. हें ओळखून जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढिलें. तेथें जन्मलेल्या एका बालकास त्यांनीं पुढें दत्तकहि घेतलें.

आतां भयाचें रूप पालटलें आहे. केवळ मुलगी म्हणून गर्भ नाकारूं नये यासाठीं महाराष्ट्रानें १९८८ सालीं कायदा केला. १९९४ सालीं तो देशासाठीं झाला. तरीहि सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागें राज्यांत २००१ सालीं ९१३ मुली होत्या, त्या २०११ सालीं ८९४ उरल्या. धाराशिव जिल्ह्याचें प्रमाण या सरासरीहूनहि कमी भरलें. याच जिल्ह्यांत तुळजापूर आहे. तेथें सारा महाराष्ट्र भवानीस ‘आई’ म्हणून हांक मारतो.

‘अपत्यहत्या’ हा शब्द आईबापांकडे बोट दाखवितो, आणि तें योग्यच आहे. मात्र बाळंतिणीच्या दाराशीं ‘काय झालें?’ असें विचारून, ‘मुलगी’ हें उत्तर ऐकतांच चेहरा पाडणाऱ्यांसाठीं भाषेंत अद्याप शब्द नाहीं.