हंसकन्या आणि साती आसरा



जुन्नरची आणि रशियाची ओळख साडेपाचशे वर्षांची आहे. त्वेर गावचा अफनासी निकितीन हा व्यापारी समुद्रमार्गे चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाने त्याला इथेच अडकवून ठेवलं. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलंय. विकायला आणलेला त्याचा घोडा इथल्या असदखानाने काढून घेतला आणि अट घातली, की धर्म बदललास तर घोडा परत, वर हजार मोहरा. एका खुरासानी खजिनदाराने रदबदली केली, म्हणून घोडाही सुटला आणि धर्मही वाचला. या निकितीनवर १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियनांच्या भागीदारीत 'परदेसी' काढला. त्यात नर्गिस होती, बलराज साहनी होते. इथल्या ज्येष्ठांपैकी कुणी पाहिलाही असेल.

निकितीन व्यापारी असल्यामुळे त्याच्या नोंदींत भाव आणि जकाती भरपूर आहेत. पण आळंदच्या जत्रेविषयी लिहिता लिहिता तो मध्येच एका पक्ष्याची गोष्ट सांगतो. हा 'गुकुक' रात्री ओरडत फिरतो, ज्या घरावर बसेल तिथलं माणूस जातं आणि त्याला मारायला जावं तर त्याच्या तोंडातून आग निघते. हे वाचून आपल्याला घुबड आठवणारच. निकितीनला मात्र ही गोष्ट परकी वाटली नसावी. त्याच्या मुलखातल्या लोककथांतही असे पक्षी आहेत. सिरिन आणि अल्कोनोस्त हे बाईच्या तोंडाचे दोन पक्षी. त्यांचं चित्र व्हिक्टर वास्नेत्सोव्हने १८९६ साली काढलं. मोठं नावाजलेलं चित्र आहे, पण मला ते गोष्टीच्या पुस्तकातलं पान वाटतं. आज मी बोलणार आहे ते मिखाईल व्रुबेलच्या 'हंसकन्ये'वर. १९०० सालचं हे तैलचित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. उंची सुमारे पावणेपाच फूट, म्हणजे चित्रातली बाई जवळजवळ हाडामांसाच्या बाईएवढी.

आधी गोष्ट. तीन बहिणींपैकी धाकटीशी राजा साल्तान लग्न करतो. तो लढाईवर असताना तिला मुलगा होतो आणि जळफळणाऱ्या बहिणी राजाला खोटा निरोप धाडतात, की राणीला ना मुलगा झाला ना मुलगी, कसलंसं जनावर झालं. आपल्या जिवतीच्या कहाणीत सुईण बाळ पळवते आणि बाळंतिणीला वरवंटा झाला म्हणून सांगते, ती हीच युक्ती. पुढे राणी आणि बाळ पिंपात घालून समुद्रात सोडले जातात आणि एका बेटाला लागतात. मोठा झालेला मुलगा घारीच्या तावडीतून एका हंसिणीला सोडवतो. घार म्हणजे कपटी मांत्रिक आणि हंसीण म्हणजे राजकन्या. तिच्या वेणीखाली चंद्र आणि कपाळावर तारा. शेवट गोड होतो, तो सांगत बसत नाही.

पुश्किनने ही गोष्ट १८३१ साली पद्यात लिहिली, पण त्याच्या किती तरी आधी त्याची दाई अरीना रोदिओनोव्हना हिच्या तोंडून ऐकून ती वहीत टिपून ठेवली होती. अरीना जन्माने भूदास होती. तिच्या गोष्टीवरून पुश्किनचं काव्य झालं, त्यावरून रिम्स्की-कोर्साकोव्हने ऑपेरा रचला आणि १९०० च्या शरदात मॉस्कोत त्याचा पहिला प्रयोग झाला. हंसकन्येची भूमिका केली नादेझ्दा झाबेला हिने. ती व्रुबेलची बायको. नेपथ्य आणि वेषभूषा व्रुबेलची. प्रयोग करणारी ही ऑपेरा मंडळी मुळात साव्वा मामोंतोव्ह या रेल्वेवाल्या धनिकाची. त्याचं दिवाळं वाजल्यावर कलावंतांनी ती सहकारी तत्त्वावर चालवली. सहकार म्हणजे काय, हे जुन्नर-आंबेगावकरांना मी सांगायला नको. आणि गायिका उभी राहिली, की तिच्या मागचा पडदा काय काम करतो, हे नारायणगावच्या परिसरातल्या, तमाशा पाहणाऱ्या श्रोत्यांना तर मुळीच सांगायला नको.

म्हणून पुष्कळजण हे चित्र झाबेलाचं व्यक्तिचित्र समजतात. तिची छायाचित्रं शेजारी ठेवून पाहा, चेहरा जुळत नाही. चित्रातली बाई आपल्याकडे पाठ करून चालली आहे आणि जाता जाता मान वळवून बघते आहे. डोळे चेहऱ्याच्या मानाने फार मोठे. डोक्यावर मोत्या-रत्नांचा जड मुकुट. हात हनुवटीजवळ. मागे संध्याकाळचा समुद्र आणि डावीकडे लांब किनाऱ्यावर लालसर दिवे. आता खाली या. पंखांपाशी व्रुबेलने रंग सपाट पसरलेलाच नाही. रुंद, कोनेदार फटकाऱ्यांचे तुकडे एकाला एक टेकवलेत, खडीसाखरेच्या खड्यांसारखे. पांढऱ्यात राखाडी, राखाडीत जांभळा, मध्येच मावळतीचा गुलाबी. पीस कुठे संपतं आणि झिरझिरीत वस्त्र कुठे सुरू होतं, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. तरुणपणी त्याने कीव्हच्या चर्चमध्ये जुन्या भिंतिचित्रांचं काम केलं होतं आणि व्हेनिसला जाऊन काचतुकड्यांची चित्रं अभ्यासली होती. ती शिकवणी इथे कामाला आली.

प्रतीकवाद म्हणतात तो हा. १८८६ मध्ये पॅरिसला कवी मोरेआसने त्याचा जाहीरनामा काढला, पण जाहीरनाम्याने चित्रं होत नाहीत. व्रुबेलने इथे घार, बाण, राजपुत्र सगळं वगळलं. ठेवला तो फक्त एक क्षण. ही बाई होतेय की पुन्हा पक्षी, हे आपल्याला कळत नाही आणि तिलाही ठाऊक नसावं. गोष्टीचा शेवट गोड आहे. चित्र मात्र त्याची हमी देत नाही, आणि मला ते म्हणूनच मोठं वाटतं.

व्रुबेलचं पुढचं आयुष्य हालाचं गेलं. १९०२ मध्ये मन ढासळलं, १९०३ मध्ये तान्हा मुलगा गेला, १९०६ मध्ये दृष्टी गेली आणि १९१० मध्ये तोही गेला. या दुःखाची सावली चित्रात आधीच होती, असं सांगणारे भेटतात. माझा त्यावर विश्वास नाही. १९०० साली तो उत्तम कामात होता.

आता आपल्या नद्यांकडे येऊ. कुकडी, मीना, घोड यांच्या काठच्या डोहांवर साती आसरा आहेत. शेंदूर लावलेले सात दगड, एवढंच त्यांचं रूप. बाया खणानारळाने त्यांची ओटी भरतात. भर दुपारी डोहात उतरू नये, आसरा ओढून नेतात, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पाण्यातल्या, देखण्या, कृपाळू आणि कोपिष्टही अशा या बाया हंसकन्येच्या सख्ख्या बहिणी शोभतील. तिकडे दाईच्या गोष्टीला लिहून घेणारा भेटला, मग संगीतकार, गायिका आणि चित्रकार. आपल्याकडे गोष्ट पहिल्याच पायरीवर अडते, कारण ती कुणी टिपलेली नसते. अपवाद आहेत. याच तालुक्यातल्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे आदिवासी समाजांविषयी आयुष्यभर लिहीत राहिले. पण एका माणसाने किती लिहावं? डिंभे धरणाच्या पाण्यात, ज्या गावाचं नाव तालुक्याला मिळालं ते मूळ आंबेगावच गेलं. गावं उठली तशी डोहांच्या गोष्टी सांगणारी माणसंही पांगली.

सुट्ट्या लागल्या आहेत. इथे बसलेल्या चित्रकला शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलांना डोंगर, सूर्य आणि झोपडी पुन्हा काढायला लावू नका. घरातल्या म्हातारीकडून आसरेची गोष्ट ऐकू द्या, ती तिच्याच बोलीत वहीत उतरवू द्या आणि चित्र त्यानंतर काढू द्या. खाली गावाचं नाव, डोहाचं नाव, सांगणारीचं नाव आणि तारीख घाला. त्या वह्या घरी रद्दीत जाऊ देऊ नका, गावच्या वाचनालयात जमा करा.