समोरची बटणं

रेडिओवर माझं नाव पुकारलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता हा दोन-चार कविता म्हणणार. आज मात्र मी तुम्हाला एका फ्रॉकची गोष्ट सांगणार आहे. शर्टासारखी कॉलर, गळ्यापासून खालपर्यंत समोर बटणं, कमरेला पट्टा आणि दोन खिसे. इंग्रजीत याला शर्टड्रेस म्हणतात. 1950 च्या सुमाराच्या अमेरिकन सिनेमांत घेरदार शर्टड्रेस घातलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. आमच्या मिरजेत तो सिनेमातून आला नाही. तो आला मिशन हॉस्पिटलातल्या नर्सबाईंच्या अंगावर, पांढराशुभ्र होऊन. आणि आमच्या घरात आला तो अम्माच्या शिलाई मशीनवर.

अम्मा घरी शिवणकाम करायची. मी प्राथमिक शाळेत होतो तेव्हा, म्हणजे 1970 नंतरच्या काळात, आमच्या बाहेरच्या खोलीत पांढऱ्या कापडाचे ढीग असत. नर्सबाई मापं देऊन जात, अम्मा रात्री जागून फ्रॉक शिवी. काजं करून झाली की बटणं लावायचं काम माझ्याकडे. एका फ्रॉकला दहा बटणं. सुईत दोरा ओवायला मी तेव्हा शिकलो, तो आजवर विसरलेलो नाही. पुढे मी बी.ए. झालो, नोकरी लागली, कविता छापून येऊ लागल्या आणि मशीनवर पलंगपोस पडला.

2021 च्या पावसाळ्यात अम्मा न्हाणीघरात घसरून पडली. वय 76. उजव्या दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलं. हाड जुळून आलं, पण खांदा आखडला तो आखडलाच. कोपरापासून खाली हात चालतो, बोटं चालतात. हात वर मात्र जात नाही.

हात वर न जाणं म्हणजे काय, हे आपल्याला सहसा कळत नाही. साठ वर्षं पाचवारी नेसलेल्या बाईला निऱ्या धरता येईनात, पदर खांद्यावर टाकता येईना. सलवार-कमीज आणला, तर कमीज डोक्यावरून घालायचा. तिथंच सगळं अडलं. रोज सकाळी माझी बायको तिला कपडे घालून द्यायची. त्यात कुणाची कुरकुर नव्हती. पण अम्मा पहाटे फज्रच्या नमाजला उठते. सून शाळेत शिकवते, रात्री उशिरापर्यंत वह्या तपासते. तिला पहाटे पाचला उठवायचं अम्माच्या जिवावर येई. मग ती अंगावर चादर लपेटून खुर्चीत बसून राही, आमचं घर जागं होईपर्यंत. मी मुलगा. मी चहा करून देत होतो, औषध देत होतो. पण कपड्यांच्या बाबतीत ती माझी मदत घेणार नव्हती आणि मीही पुढे झालो नसतो.

गाऊन का नाही, असं तुमच्यातल्या अनेक जणी विचारतील. आम्हीही आणला. बहुतेक गाऊनची बटणं छातीपर्यंतच असतात, म्हणजे तोही डोक्यावरूनच. शिवाय अम्माचं म्हणणं, ते झोपायचे कपडे; त्यात चार माणसांसमोर कसं बसायचं? दुकानात समोरून उघडणाऱ्या कुर्त्या मिळतात. त्यातल्या काहींची बटणं नुसती शोभेची निघाली, आतून शिवून टाकलेली. ज्यांची खरी होती त्यांचा मुंढा घट्ट. एक दिवस मी वैतागून म्हणालो, "अम्मा, तू नर्सबाईंचे फ्रॉक शिवायचीस ना? तसाच लांब एखादा?" ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "पत्र्याच्या पेटीत तळाला बघ."

पेटीच्या तळाला खाकी कागदाची घडी होती. उलगडली तर फ्रॉकचा खाका. पुढचा अर्धा भाग, पाठ, बाही, कॉलर, खिसा. कडेला पेन्सिलनं अम्माच्या हातचे आकडे.

तो खाका हातात घेतल्यावर मला या कपड्याबद्दल कुतूहल वाटू लागलं आणि मी वाचत गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मुली कचेऱ्यांत, दुकानांत कामाला जाऊ लागल्या. पुरुषांच्या शर्टाच्या धर्तीचं पोलकं आणि खाली साधा झगा हा त्यांचा पोशाख झाला. त्या पोलक्याला शर्टवेस्ट म्हणत. पुढे पोलकं आणि झगा कमरेत जोडले गेले आणि शर्टड्रेस तयार झाला. श्रीमंतांच्या झग्यांना पाठीवर हूक आणि बंद असत. ते लावायला दुसरं माणूस लागे. कामावर जाणाऱ्या मुलीला मागे उभं राहणारं माणूस कुठून असणार? तिला समोरची बटणंच सोयीची.

ही पोलकी शिवणाऱ्या मुलींची कहाणी मात्र जिवाला चटका लावणारी आहे. न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीचा कारखाना दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होता. 25 मार्च 1911 रोजी तिथं आग लागली. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूप लावून बंद होता. 146 माणसं मेली. त्यांत बहुसंख्य इटलीतून आणि पूर्व युरोपातून आलेल्या तरुण मुली होत्या, अनेक ज्यू घरांतल्या. त्यानंतर न्यूयॉर्क राज्यात कारखान्यांच्या सुरक्षिततेचे कायदे कडक झाले. दुसऱ्या बाईला मोकळेपणा देणारं पोलकं शिवणाऱ्या मुलींना स्वतः बाहेर पडायला दार नव्हतं. रात्री जागून मशीन चालवणारी अम्मा मी पाहिलेली आहे, म्हणून ही गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

हा कपडा घराघरांत गेला तो कागदाच्या खाक्यांमुळे. एबेनेझर बटरिक नावाच्या अमेरिकन शिंप्यानं 1863 मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी खाके विकायला काढले. दुसऱ्या महायुद्धात कापड तुटपुंजं होतं, म्हणून फ्रॉकही आखूड आणि कमी घेराचे झाले. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग 1949 पर्यंत होतं. 1947 मध्ये पॅरिसच्या क्रिस्तियान दिओरनं भरपूर घेराची फॅशन आणली आणि पुढच्या दहा वर्षांत बारीक कंबर, मोठा घेर आणि समोर बटणं असा शर्टड्रेस अमेरिकेत गृहिणीपासून टायपिस्टपर्यंत सगळ्यांच्या अंगावर आला. त्याच काळात न्यूयॉर्कची क्लेअर मॅकार्डेल बायकांच्या कपड्यांना आवर्जून खिसे देत होती आणि बाईला आपलं आपण घालता येतील अशी बंदं-बटणं ठेवत होती. आज हौसेनं जुन्या धाटणीचे फ्रॉक शिवणाऱ्या बाया हेच खाके शोधत असतात. त्यांना एक सांगतो, जुन्या खाक्यावरच्या नंबरावर जाऊ नका. 1950 च्या आसपासच्या अमेरिकन खाक्यांवर 14 नंबर म्हणजे छाती 32 इंच असे. टेपनं स्वतःचं माप घ्या.

आमच्या खाक्याचंही तेच झालं. तो होता 34 छातीचा, एखाद्या तरुण नर्सबाईचा. अम्माला 38 हवा. अम्मा खाटेवर बसून सांगत होती, मी जमिनीवर बसून कात्री चालवत होतो. खाक्यात अर्धा पुढचा आणि अर्धा मागचा भाग असतो. प्रत्येक तुकडा उभा चिरून एक-एक इंच फाकवला की एकूण चार इंच वाढतात. मुंढा दीड इंच खोल केला. बगलेत चौकोनी तुकडा घातला. अम्मा त्याला चौबगला म्हणते. कुर्त्याला असतो तसा. त्यामुळे हात थोडासा उचलला तरी कापड ओढलं जात नाही. पाठीवर योकच्या खाली चुण्या घेतल्या. उंची घोट्याच्या थोडी वर, आत सलवार, आणि सलवारीला नाडीऐवजी इलॅस्टिक. शिवणाला दोन्हीकडे एक-एक इंच माया ठेवायला अम्मानं बजावलं. "माणूस सुकतं, सुजतं. माया असली तर कपडा चालतो."

नव्या कापडाला कात्री लावण्याआधी मी जुन्या चादरीचा कच्चा फ्रॉक शिवला. मशीनला तेल घातलं, पट्टा बदलला. बटणं कशी लावायची ते बघायला माझाच एक शर्ट समोर ठेवला. दोन रविवार खपून फ्रॉक तयार झाला. बायकोनं तो अम्माच्या अंगात घातला आणि आम्ही बाहेर थांबलो, ती स्वतः बटणं लावते का बघायला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून आवाज आला, "उल्टा सिया रे तू! औरतां का उल्टा रहता."

पुरुषांच्या शर्टाला बटणं उजव्या पदराला असतात आणि काजं डाव्या. बायकांच्या कपड्याला नेमकं उलट. बटणं डावीकडे, काजं उजवीकडे. लहानपणी शेकडो बटणं मी लावली होती, पण अम्मानं खुणा केल्या तिथं. कोणती बाजू कुणाची, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अम्माचा उजवा हात गळ्यापर्यंत पोहोचत नव्हता, आणि मी बटणं ठेवली होती उजवीकडे. डाव्या हातानं तिला ती ढकलता येईनात. बायकांच्या बाजूला लावली असती तर बटण डाव्या हाताशीच आलं असतं.

ते मी सगळं उसवलं. खरं सांगतो, त्या रात्री मला माझ्या शिवण्यापेक्षा माझ्या न बघण्याची लाज वाटली. जन्मभर जिच्याजवळ बसलो, तिच्या कपड्याची बटणं कुठल्या बाजूला असतात हे मला माहीत नव्हतं.

मग खरं कापड आणलं. इचलकरंजीचं सुती पॉपलिन, राखी रंगावर बारीक निळी फुलं. सुती कापड धुतल्यावर आटतं, म्हणून आदल्या रात्री भिजत घालून, वाळवून, इस्त्री करून मग बेतलं. बटणं मोठी घेतली, दोन सेंटिमीटरची. काज बटणाच्या रुंदीपेक्षा बटणाच्या जाडीएवढं मोठं ठेवायचं. पहिलं बटण छातीच्या सर्वांत भरल्या भागावर, दुसरं कमरेवर, आणि मग बाकीची त्यांच्या हिशेबानं. तसं केलं नाही तर छातीपाशी पदर फाकतो. शर्टाची काजं उभी असतात. आम्ही आडवी केली, म्हणजे हिसका बसला तरी बटण निसटत नाही. काजपट्टीच्या आत बकरमची पट्टी घातली. बटण शिवताना त्याच्यावर एक आगकाडी आडवी ठेवून टाके घेतले, मग काडी काढून बटणाखाली दोरा गुंडाळला. त्यानं बटण थोडं उंच राहतं आणि बोटांत चटकन येतं. आगकाडीची युक्ती मला सातव्या-आठव्या वर्षी अम्मानंच शिकवली होती.

तिला ज्या फिजिओथेरपिस्टबाई व्यायाम शिकवायला येत, त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कपडा घालताना दुखरा हात आधी बाहीत घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. समोरून पूर्ण उघडणाऱ्या कपड्यातच हे नीट जमतं. घरात कुणी खांद्याचं दुखणं काढत असेल, कुणाला अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल, तर एवढं ध्यानात ठेवा. आणि शिवणार असाल तर त्या माणसाला विचारून शिवा. कोणता हात कुठवर जातो, बटण कोणत्या बोटात धरता येतं, हे त्यालाच ठाऊक असतं.

2022 च्या जानेवारीतली एक पहाट. थंडी होती. अजान झाली तेव्हा मला जाग आली. अम्माच्या खोलीतला दिवा लागलेला दिसला. मी उठलो नाही, नुसता कान देऊन पडून राहिलो. बराच वेळ काही नाही. मग तिच्या चपलांचा आवाज न्हाणीघराकडे गेला, परत आला. मग पुन्हा शांत. मला एकदा वाटलं, बायकोला उठवावं. नाही उठवलं.

थोड्या वेळानं मी चहा ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. अम्मा खुर्चीवर नमाज पढत होती. डोक्यावर ओढणी, अंगात तो राखी फ्रॉक. नमाज झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बटणं मोजली. दहापैकी नऊ लावलेली, पण वरून चौथं पाचव्या काजात गेलं होतं आणि तिथून खाली सगळा पदर एका काजानं चुकला होता. मी काही बोललो नाही.

तिनं खाली पाहिलं. तिच्याही ते लक्षात आलं. मी पुढे होईन की काय असं वाटून तिनं डावा हात उचलून मला थांबवलं, आणि अगदी खालच्या बटणापासून एकेक सोडवून पुन्हा लावायला सुरुवात केली. चहा उतू गेला. मी तिकडे पाहत उभा होतो.

आता तिच्याकडे असे चार फ्रॉक आहेत. शेजारपाजारच्या दोन म्हाताऱ्या बायकांसाठीही शिवले. शिवणाऱ्याचे पैसे मी घेत नाही, मात्र माप घ्यायला आणि दोष काढायला अम्मा माझ्याबरोबर येते. माझ्या टिपा अजून वाकड्या जातात, असं तिचं मत आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)